मेलेल्या राजाने पुन्हा उठू नये म्हणून

॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥

मी, खाली सही करणार, केरबा बिन नाना मुळीक, वय साठीच्या पुढे आणि सत्तरीच्या अलीकडे (आई एवढेच सांगायची, की तुझ्या जन्माच्या साली टोळ आले होते आणि दोघांनीही सारखेच खाल्ले), धंदा शेती व नाटके लिहिणे, राहणार मौजे करंजओढा, तालुका तासगाव, जिल्हा सातारा, आज रोजी हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी शुद्ध जागेवर आहे. अक्कल जेवढी होती तेवढी शाबूत आहे. मजवर कोणाचा दाब नाही, दम्याचा तेवढा आहे, पण दम्याला माझ्या इस्टेटीत काही नको.

तासगावचे वकील म्हणाले, मृत्युपत्र थोडक्यात असावे. मी हो म्हटले. त्यांनी माझे एकही नाटक पाहिलेले नाही.

मालमत्ता थोडी आणि कागद बराच उरतो, म्हणून मधल्या जागेत, माझ्यामागे या गावात किंवा कुठेही जे कोणी लिहायला बसतील त्यांच्यासाठी चार गोष्टी घालीत आहे. या दिवसांत कागद मिळण्याची मारामार. कोरा सोडला तर पाप लागेल. आणि या साऱ्या खटाटोपाचे खरे कारण आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच शेवटपर्यंत थांबायला नको. मला मरण्याआधी माझा एक राजा मेलेला पाहायचा आहे. मरून मेलेलाच राहिलेला. तो का मरत नव्हता, हे पुढच्या कलमांत येईल.

कलम १. घर, रान, निम्मी विहीर, पाखऱ्या व हौश्या ही बैलजोडी, हे सर्व माझा मुलगा नारायण यास. नारायण पलटणीत आहे. लढाई संपली, पण सरकारला त्याला सोडवत नाही. तो येईपर्यंत सून शालूबाई हिने सारी वहिवाट करावी, जशी ती आताही करते आणि मी करतो असे गावाला वाटते.

बैलांबद्दल एक गोष्ट. मी माझी सगळी नाटके मोटेवर केली. बैल धावेवरून उतरू लागले की एक वाक्य जुळवायचे. मोट वर येऊन थारोळ्यात पाणी पडले की ते मोठ्याने म्हणायचे. बैल मागे सरकत आले की ते मोडायचे. दिवस मावळताना जे वाक्य मोडता मोडले नाही तेवढेच घरी आणून कागदावर उतरवायचे. लिहायला निवांतपणा हवा असे म्हणणारे मला पुष्कळ भेटले. निवांतपणा मिळाल्यावर ते सगळे झोपले. जात्यावर बसले की ओवी सुचते हे खरे, पण बसताना पदरात दळणही असावे लागते. रिकामे जाते फिरवून नुसती घरघर होते.

नारायणा, हौश्याला चुचकारून हाक. त्याला पल्लेदार भाषण आवडत नाही. तो मध्येच थांबला की मी समजायचो, वाक्य लांबले.

कलम २. देवळीतली वेताची काठी गावच्या शाळेस. ही काठी मागच्या, चौदा सालच्या लढाईत बसऱ्याहून आली. मी खेचरांच्या पलटणीत होतो. मेढ्याकडचा एक नाईक होता, त्याने मला या काठीने वाळूत अक्षरे काढायला शिकवली. वारा सुटला की माझा सगळा अभ्यास इराणकडे निघून जाई. त्यातून मला दोन गोष्टी कळल्या. लिहिलेले पुसले तर हंबरडा फोडू नये. आणि दुसऱ्यांदा काढलेला 'क्ष' पहिल्यापेक्षा बरा येतो. मी एकही इयत्ता शिकलेलो नाही. जे शिकलो ते खेचराच्या मागे उभे राहून, आणि तिथे लक्ष देऊन शिकावे लागते.

काठी मारण्यासाठी नाही, लिहिण्यासाठी दिली आहे. मास्तरांनी कृपा करून उलटे समजू नये.

कलम ३. आता बत्तीचे.

आमच्या गावच्या चैत्री यात्रेत रात्री नाटक होते, दोन गाड्या जोडून त्यांच्यावर फळ्या टाकून. माझ्या बापाच्या वेळेपासून रिवाज असा, की ज्याच्या घरची गॅसबत्ती त्याच्या घरचा राजा. गावात गॅसबत्ती एकच, हंबीरराव साळुंखे यांची. त्यांच्या वडिलांनी मिरजेहून आणलेली. त्यामुळे माझ्या प्रत्येक नाटकात राजा हंबीरराव. बत्ती डाव्या अंगाला टांगलेली असते, तिला वरचेवर हवा मारावी लागते, आणि हंबीरराव दुसऱ्याचा हात तिला लागू देत नाही. म्हणून माझ्या नाटकातले सगळे राजे मधूनमधून विचारात पडतात आणि डावीकडे चालत जातात. तिथे पाठमोरे उभे राहून हवा मारतात, आणि निर्णय घेऊन परत येतात. तासगावचे एक शिक्षक मला म्हणाले, "राजाच्या मनाची घालमेल तुम्ही फार नाजूकपणे दाखवता." मी नमस्कार केला. लिहिणाऱ्यांनो, कौतुक आले तर पदरात घ्यावे. ते दुरुस्त करत बसू नये.

पण मेलेला माणूस हवा कशी मारणार? हे माझ्या ध्यानात आले ते राजाला मारून झाल्यावर. नारायण रांगत होता त्या सालची गोष्ट. सेनापतीने दगा केला, राजा पडला. आमच्या गावचा अर्जुना तेली वर्षानुवर्षे राणी होतो. तो छाती पिटून इतका सुरेख रडू लागला की बायामाणसांनी डोळ्याला पदर लावले. तेवढ्यात बत्ती तांबडी पडली. मग मिणमिणली. लोक कुजबुजू लागले. राजाने एक डोळा उघडला, बत्तीकडे बघितले, उठला, धोतर सावरले, डावीकडे जाऊन हवा मारली आणि परत आला.

राणीने रडे आवरले. तिने विचारले, "महाराज, आलासा?"

"आलो न्हाई. पडलोयच," राजा म्हणाला. "तू रड."

आणि तो पुन्हा पडला. लोकांनी वन्स मोअर दिला. हंबीररावाला वन्स मोअर म्हणजे म्हशीला पेंड. तो पुन्हा उठला, पुन्हा पडला. त्या रात्री माझा राजा इतक्या वेळा मेला की शेवटी सेनापतीला त्याची दया आली आणि त्याने माफी मागितली. तेव्हापासून माझे राजे अमर झाले. विष पाजले तर ते ताक निघाले. तलवार मारली तर ती म्यानासकट लागली. कड्यावरून ढकलले तर खाली गवताची गंजी होती. लोक हसले, नारळ मिळाला, मानपान झाला. अडचणीतून नाटक करता येते हे खरे. बांध आडवा आला म्हणून पाणी थोडेच थांबते, ते वळसा घालून जाते. तरुणांनी अडचणीला शिव्या देण्याआधी तिला एकदा कामाला लावून बघावे.

पण काही गोष्टींना वळसा चालत नाही. आता लिहितो आहे त्या नाटकात दुष्काळ पडतो आणि राजा स्वतः विहीर खणायला उतरतो. पाणी लागते, दरड कोसळते, राजा जिवंत वर येत नाही. गाव पाणी पिते. बस, एवढेच नाटक आहे. राजा खालून जिवंत वर आला, की पाणी नुसते पाणी राहते. हा राजा मेला पाहिजे, आणि मेलेला राहिला पाहिजे. मी आजवर लिहिले ते सारे गावाच्या सोयीने. हे एक गोष्टीच्या सोयीने व्हावे एवढीच माझी इच्छा आहे.

म्हणून गेल्या महिन्यात मी एक पारडी विकली आणि सांगलीच्या बाजारातून पलटणीच्या मोडीत निघालेली एक गॅसबत्ती आणली. तिच्या बुडाला पोचा आहे आणि अंगावर नंबर घातलेला आहे. उजेड मात्र असा की राणीच्या मिशा दिसतात.

ही बत्ती, तिच्या पिना, जाळ्या, आणि राकेलचा माझ्या वाट्याचा डबा, हे सर्व माझी सून शालूबाई हिच्या स्वतंत्र मालकीचे. नारायणाचा, भाऊबंदांचा, गावकीचा त्यावर हक्क नाही. पुढे ज्या कोणाला शालूबाई हे लिहिण्याचे काम सोपवेल, त्याला तिने बत्तीही सोपवावी. लिहिणाऱ्याच्या घरी कपाट नसले तरी चालेल, खुर्ची नसली तरी चालेल. उजेड मात्र त्याचा स्वतःचा असावा. नाहीतर ज्याचा उजेड, त्याचा राजा अमर.

कलम ४. सुनेलाच का, असे भावकीत विचारतील, म्हणून लिहून ठेवतो. नारायणाची पत्रे वाचता यावीत म्हणून मी तिला अक्षरे शिकवली. पत्रे ती वाचू लागली, आणि मग माझी नाटकेही वाचू लागली, विचारल्याशिवाय. परवाच्या थंडीत मी तिसरा अंक मोठ्याने म्हणत होतो. राजाचे प्रेत विहिरीतून वर काढले आहे आणि राणी बोलते आहे, चांगले दीड पान. शालू भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"मामंजी, बाई एवढं बोलंल व्हय?"

मी विचारले, मग काय करील?

"अंगावरचा चिखल पुसंल. मग धोतर सारखं करंल. लोकं बघत्यात न्हवं."

मी दीड पान चुलीत घातले. भाकरी चांगली फुगली.

लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. फार दुःख झाले की माणूस भाषण करत नाही, धोतर सारखे करतो. आणि पान काढून टाकताना जीव कळवळला तर जोंधळा आठवावा. दाट उगवलेला विरळला नाही, तर सगळा नुसता कडबा होतो.

तिसरा अंक अर्धा झाला आहे. उरलेला शालूबाईने पुरा करावा. मी यात्रेपर्यंत राहिलो तर हातभार लावीन, नाही राहिलो तर आड येणार नाही. नाटकाच्या जाहिरातीवर तिचे नाव ठळक घालावे. ती मला म्हणाली, "गाव काय म्हणंल?" मी तिला सांगितले, गाव काय म्हणेल ते दुसऱ्या अंकात घाल. लोक आपलेच बोलणे ऐकायला फार खुशीने येतात.

आणि नाटक चालू असताना तिने बत्तीपाशी, डाव्या अंगाला, साऱ्या गावाच्या देखत बसावे आणि हवा मारावी. ही अट आहे.

कलम ५. माझा पुतण्या दादासो यास मेंढरे कातरायची कात्री.

दादासो सांगलीला कापडाच्या दुकानात आहे आणि लिहितो. त्याने रागावू नये. त्याच्या हातात धमक आहे, हे मी त्याला तोंडावर कधी सांगितले नाही, ते इथे सांगतो, कारण इथे तो मला उलट उत्तर देऊ शकत नाही. पण त्याच्या नाटकात चाळीस पात्रे आहेत आणि पाच अंकांत एकही जण जेवत नाही. दादा, पात्राला जेवू घाल. निदान चूळ भरू दे. माणूस जेवायला बसला की तो कसा आहे हे आपोआप कळते, तुला सांगावे लागत नाही. आणि पुण्याहून तुझे लिखाण परत येते म्हणून तू मागच्या खेपेला दोन दिवस अंथरूण धरलेस. अरे, परत आलेल्या कागदाची मागची बाजू कोरी असते. एवढा चांगला कागद लोक आपल्याच खर्चाने परत पाठवतात, तर त्यांचे उपकार मान. माझा राजा विहिरीत उतरतो तो सारा प्रवेश मी तुझ्याच कागदांच्या पाठीवर लिहिला आहे. परत हवे असतील तर शालूकडून नकलून घे.

कलम ६. माझे नवे घोंगडे गुंडा मांग यास नव्हे, गुंडा पवार यास. नावे एक असल्याने भांडण नको.

गुंडा पवार दर वर्षी पहिल्या रांगेत बसतो आणि नांदी संपायच्या आत घोरू लागतो. पहिल्या वर्षी मला त्याचा राग आला. नंतर मी बघू लागलो की तो जागा कुठे होतो. आरडाओरड्याने होत नाही. तलवारीच्या खणखणाटाने होत नाही. कोणी खरे बोलले की होतो. एकदा राणी दासीला नुसते म्हणाली, "मीठ संपलंय," आणि गुंडा उठून बसला. त्या वर्षीपासून मी त्याच्यासाठीच लिहीत आलो. प्रत्येक लिहिणाऱ्याने आपला एक गुंडा शोधावा. शहाणे लोक सभ्यपणाने जागे राहतात, त्यांचा काही उपयोग नाही. घोंगडे अशासाठी, की चैत्रातही पहाटे गार पडते आणि त्याने माझ्या नाटकांत झोपून अंग आखडून घेतले आहे.

कलम ७. वैरे.

माझे वैर एकच, हंबीररावाशी, बांधाचे. त्याने ओढ्याकडचा बांध माझ्या रानात सरकवला. मी तो परत सरकवला. त्याने पुन्हा सरकवला. त्या बांधाने आम्हा दोघांपेक्षा जास्त चाल केली असेल. आता तो जिथे असेल तिथे राहू द्यावा. नारायणाने त्यावरून कोर्टात जाऊ नये. कोर्टात गेला तर निदान तिथली भाषणे ऐकून यावीत, म्हणजे फुकट जाणार नाही.

कलम ८. साक्षीची हकिकत.

वकिलांनी सांगितले होते, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याने साक्ष घालू नये. सबंध गावात मी काहीच न दिलेला शहाणा माणूस शोधू लागलो, तर हंबीररावच निघाला. त्याला काल बोलावणे धाडले. अर्जुनाही आला. मी हे सारे त्यांना वाचून दाखवले, कारण न वाचलेल्या कागदावर सही घेणे हे सावकाराचे काम आहे.

बत्तीचे कलम आले तसा हंबीररावाचा चेहरा उतरला. तो खांबाला टेकला.

"म्हंजी माझी बत्ती नको आता," तो म्हणाला.

मी म्हटले, बत्ती नको, राजा तूच. पण या खेपेला मरायचे, आणि उठायचे नाही.

"आणि हवा?"

"शालू मारंल."

"सुनंला बसवणार? गावादेखत?"

"व्हय."

शालू चुलीपाशी थांबली होती. परातीचा आवाज बंद झाला होता. मला दम्याची धाप लागली, त्यामुळे मला वादही घालता येईना. माझा अख्खा तिसरा अंक त्या खांबाला टेकून बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघत होता. तो नाही म्हणाला, तर त्याचे बघून भावकी नाही म्हणणार, आणि भावकी नाही म्हणाली तर माझा राजा पुन्हा गवताच्या गंजीवर पडणार.

हंबीरराव उठला. मला वाटले निघाला. तो कोपऱ्यातल्या नव्या बत्तीपाशी गेला, उकिडवा बसला, तिच्या बुडाचा पोचा बोटाने चाचपला आणि नाक मुरडले.

"पलटणीची हाय. हिला अंदाजानं मारून चालायचं न्हाई," तो म्हणाला. "लय हवा झाली तर जाळी उडतीया. शालूबाई, हिकडं या. कान द्या. आवाज बारीक झाला की मारायची, मिणमिणायची वाट बघायची न्हाई. मी ती चूक त्या साली केली."

संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत तो तिला शिकवत होता. अर्जुना मध्येमध्ये रडून बघत होता, उजेड कुठवर पोचतो ते कळावे म्हणून. जाताना हंबीररावाने दोन गोष्टी मागितल्या. मरताना एक पद असावे, आणि त्याची जुनी बत्तीही उजव्या अंगाला लावावी. तिला हवा कोणी मारायची, असे मी विचारले. तो म्हणाला, ती विझू दे. राजा मेला की ती विझंल. लोकांस्नी कळंल.

मी इतकी वर्षे लिहितो आहे, पण हे मला सुचले नव्हते. पद शालूबाईने लिहावे. आखूड.

ज्याअर्थी हंबीरराव यास या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही, मिळतो तो फक्त मृत्यू, त्याअर्थी त्याची साक्ष कायदेशीर आहे असे मी धरून चालतो.

कलम ९ व शेवटचे. मी गेल्यावर घरात रडारड करू नये. करायचीच झाली तर अर्जुनाला विचारून करावी. मी यात्रेपर्यंत राहिलो तर मला पहिल्या रांगेत गुंडाशेजारी बसवावे. नाही राहिलो तर ती जागा रिकामी ठेवू नये. कुणीतरी लिहू पाहणारा पोरगा किंवा पोरगी असेल, त्यांना तिथे बसवावे. तिथून बत्ती नीट दिसते.

हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने, माझ्या खुशीने, माझ्याच उजेडात लिहिले. खाडाखोड आहे ती मुद्दाम आहे.

मौजे करंजओढा, फाल्गुन वद्य पक्ष, रविवार, तारीख २४ मार्च १९४६.

सही: केरबा बिन नाना मुळीक

वर सही करणार केरबा मुळीक यांनी आमच्या देखत, शुद्धीत व अधूनमधून हसत सही केली, याबद्दल साक्ष:

१. अर्जुना बिन बाळा तेली, निशाणी अंगठा. (अंगठ्याखाली अर्जुनाच्या सांगण्यावरून: राणी धोतर सारखं करील. बोलणार नाही.)

२. हंबीरराव साळुंखे, सही दस्तुर खुद्द. मी मरायला कबूल हाय. वन्स मोअर आला तरी उठणार न्हाई.